नवव्या फासळीतली खुंटी

रोमी जहाज ओढत कार्थेजच्या गोदीत आणलं, तेव्हा आधी सगळे हसले.

हसण्यासारखंच होतं ते. लाकूड ओलं असतानाच कापून बसवलेलं, त्यामुळे फळ्या सुकता सुकता पिळवटल्या होत्या. फटींत डांबर इतकं कोंबलेलं की जहाज लाकडावर तरंगतंय की डांबरावर, कळू नये. फटी बुजवणाऱ्यांचा मुकादम बोदश कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे तरंगतं? मग आमच्या सासूबाईंना समुद्रात सोडायला हरकत नाही."

लिपाराच्या बंदरात अशी सतरा जहाजं एका सकाळी कोंडीत सापडली होती. सोळा सिसिलीतच ठेवली आणि एक कार्थेजला पाठवलं, लोकांनी बघावं म्हणून. चार वर्षांपूर्वी लढाई सुरू झाली तेव्हा या रोमी लोकांकडे स्वतःचं एक धड लढाऊ जहाज नव्हतं. आता त्यांनी साठ दिवसांत शंभर बांधली, असं खलाशी सांगत होते आणि गोदीतलं कुणी ते मनावर घेत नव्हतं.

मग जहाज उतारावर चढवलं, त्याचं पोट उघडं पडलं आणि हसणं बंद झालं. काम ओबडधोबड होतं, पण घडण ओळखीची होती. तळातल्या कण्याची लांबी, फासळ्यांमधलं अंतर, वल्हेकऱ्यांच्या कठड्याचा बाक, सगळं कार्थेजचं. परक्या माणसानं आपल्या घरच्या माणसाचे कपडे घालून दारात उभं राहावं, तसं ते दिसत होतं.

"कुणीतरी विकलंय," बोदश म्हणाला. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

तिसऱ्या दिवशी शिपाई आले आणि म्हाताऱ्या शफातला घेऊन गेले.

शफात गोदीचा मुख्य सुतार. कार्थेजमध्ये जहाज एकेक करून बांधत नसत. शफातच्या खोपटात लाकडी साचे टांगलेले असत. त्यांवरून वीस जहाजांच्या फळ्या एकदम कापायच्या, प्रत्येकीवर गेरूनं खूण करायची आणि मग खुणेला खूण लावत जहाज उभं करायचं. कालच आलेल्या हमालालाही ते जमे. साच्यांच्या खोपटाची किल्ली शफातच्या गळ्यात असे. लढाईच्या आदल्या वर्षी तो इटलीहून आलेल्या एका लाकूडव्यापाऱ्याबरोबर दोनदा पीत बसला होता, अशी कुणीतरी साक्ष दिली. एकशेचार जणांच्या न्यायसभेला तेवढं पुरलं. पाच दिवसांनी त्याला तटाबाहेरच्या टेकाडावर क्रूसावर चढवायचं ठरलं.

फळ्यांवर गेरूच्या खुणा करण्याचं काम अमोतचं होतं.

बायकांचं नव्हतं ते. पण तिच्या वडिलांची नजर गेली, तेव्हा मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरायला ती त्यांच्याबरोबर यायला लागली. ते गेले, तेव्हा दोरी तिच्याच हातात राहिली. आता ती पंचेचाळिशीची होती. नवरा समुद्रात गेलेला, मूल नाही. एक धाकटा भाऊ, मत्तान. आई बाळंतपणात गेली, तेव्हा तो अकरा दिवसांचा होता आणि अमोत नऊ वर्षांची. शेळीच्या दुधात भिजवलेली चिंधी चोखायला देऊन तिनं त्याला वाढवला होता.

शफातला नेल्यावर न्यायसभेनं अमोतलाच बोलावून सांगितलं, की रोमी जहाज मापून दे. आपल्या साच्यांशी किती जुळतं, ते लिहून हवं होतं. तिनं खाली मान घालून हो म्हटलं. जितकं जास्त जुळेल तितका शफातचा फास आवळणार, हे तिला कळत होतं. पण माप म्हणजे माप. कमी सांगितलं असतं, तर ते शफातलाच आवडलं नसतं.

दोन दिवस ती मापत होती. जुळत होतं. पहिल्या फासळीपासून आठव्या फासळीपर्यंत बोटाचाही फरक नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती जहाजाच्या पोटाखाली पाठीवर आडवी पडून कण्याजवळच्या फळ्या बघत होती. प्रत्येक फळी लाकडी खुंट्यांनी फासळीला ठोकलेली असते. बाहेरून सामत्यानं भोक पाडायचं, ते फळीतून थेट फासळीत एक वीत खोल जातं, आणि त्यात खुंटी ठोकायची. कण्यापासून तिसरी फळी, नववी फासळी. तिथे एका खुंटीऐवजी दोन होत्या. एक जागेवर. दुसरी तिच्या वर चार बोटं, आणि त्या जागी खुंटीचं काही काम नव्हतं.

अमोतनं हात वर करून त्या दुसऱ्या खुंटीवर बोट ठेवलं आणि ते तिथून उचलायचं विसरली.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशी तिची दोरी समुद्राच्या पाण्यात पडली होती आणि तिनं ती न वाळवता वापरली. तागाची दोरी भिजली की आखडते. नवव्या फासळीवर वरच्या काठापासून खाली मोजताना चार बोटांचा फरक पडला. तिच्या खुणेवर सामता चालवून झाला आणि मग शेजारच्या खुंट्यांशी रांग जुळेना, तेव्हा चूक लक्षात आली. अमोतला रडू फुटायचं बाकी होतं. शफातनं जैतुनाच्या लाकडाची एक खुंटी तासली, चुकीच्या भोकात ठोकली, वरून रंधा मारला आणि चार बोटं खाली नवं भोक पाडलं.

"झालं," तो म्हणाला होता. "आता हे फक्त तुला माहीत आणि मला. आणि लाकूड काही चुगली करत नाही. जा, दोरी उन्हात टाक."

एकाच जहाजात होतं ते भोक. साच्यात नव्हतं. साच्यावरून कुणी जहाज बांधलं असतं, तर ते आलंच नसतं.

ती तशीच पडून एकेक गोष्ट जुळवत राहिली. म्हणजे कुणी साचे विकले नव्हते. रोमी लोकांच्या हाती एक आख्खं जहाज लागलं होतं. त्यांनी ते फळीफळीनं सुटं केलं आणि कुठली गोष्ट कशासाठी आहे ते न कळल्यामुळे सगळंच उतरवून घेतलं. चुकीचं भोकसुद्धा. पाडलं आणि बुजवलं. शंभर जहाजांत शंभर वेळा. शफातला सोडवायला हे पुरेसं होतं. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण ते जहाज कुठलं होतं ते तिला माहीत होतं.

ते मत्तानचं जहाज होतं.

लढाईच्या पहिल्याच वर्षी मेस्सानाच्या सामुद्रधुनीत ते वाळूत रुतलं. मत्तान त्याचा कप्तान. रुतलेलं जहाज शत्रूच्या हाती द्यायचं नाही, जाळायचं, ही प्रत्येक कप्तानाची शपथ असते. मत्तान माणसं घेऊन होड्यांतून परत आला. भुवया जळलेल्या, अंगाला धुराचा वास. त्यानं तानित देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, की जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत जळून गेलं. त्या रात्री अमोतच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला. "तू मापलेलं जहाज होतं, ताई. स्वतःच्या हातानं जाळलं मी." ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली होती.

*

मत्तानच्या घरी ती पोचली, तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. बायको मुलांना घेऊन विहिरीवर गेलेली. मत्तान एकटाच गव्हाच्या लापशीचा वाडगा पुढे घेऊन बसला होता.

"ये ताई! डांबराचा वास उंबऱ्याच्या आधी आला. बस, खा. चीज घातलंय, मधही आहे."

"मला भूक नाही."

"तुला भूक नाही म्हणजे कुणीतरी मेलंय."

"अजून नाही," अमोत म्हणाली. "परवा मरेल. शफातकाका."

त्यानं चमचा खाली ठेवला नाही. "वाईट झालं. पण म्हातारा त्या इटलीवाल्याबरोबर बसायचा, हे तर खरंच होतं ना?"

"तू जहाज जाळलं नव्हतंस, मत्तान."

आता त्यानं चमचा ठेवला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मी पाहिलं." आणि जे ती नेहमी करायची, तेच तिनं केलं. जे माहीत होतं ते नीट, क्रमानं, पूर्ण सांगितलं. भिजलेली दोरी. कण्यापासून तिसरी फळी, नववी फासळी, खऱ्या खुंटीच्या वर चार बोटं. डाव्या अंगाला. तिनं बोटानं लापशी सांडलेल्या चौरंगावर आकृतीही काढून दाखवली. मत्तान वाकून ती बघत होता.

"आणि हे आणखी कुणाला माहितीये?"

"मला आणि शफातकाकांना. आता तुला."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलला तेव्हा आवाज हातांच्या आडून आला. "भरती ओसरली होती, ताई. किनाऱ्यावर ते उभे. शेकडो. त्यांचा एक दुभाष्या पाण्यात कमरेपर्यंत आला आणि म्हणाला, जहाज तसंच ठेवा, माणसं घेऊन जा, कुणी बाण सोडणार नाही. आग लावलीत तर एकही परत जाणार नाही. माझ्याकडे अडीचशे माणसं होती. काय करायला हवं होतं मी?"

"भुवया?"

"त्या परत येताना जाळल्या. होडीत. शेगडीवर. माणसांकडून गप्प राहायची शपथ घेतली."

अमोतनं मनातल्या मनात माणसं मोजली. अडीचशे माणसं. त्यांतली कित्येक तिच्या ओळखीची. बोदशचा थोरला मुलगा त्याच जहाजावर होता.

"माणसं वाचवलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही," ती अखेर म्हणाली. "पण त्याची किंमत शफातकाकांनी भरायची नाही. तू न्यायसभेत जाऊन सांग. असंच सांग, जसं मला सांगितलंस. अडीचशे माणसं उभी राहतील तुझ्या मागे."

"आणि नाही राहिली तर? टेकाडावर मी."

"नाही सांगितलंस तर मी सांगेन."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळे ओले होते. अकरा दिवसांचा होता तेव्हासुद्धा तो असाच एकटक बघायचा.

"आजचा दिवस दे," तो म्हणाला. "पोरांबरोबर एक संध्याकाळ. उद्या सकाळी मी स्वतः जातो. तानितची शपथ. सकाळपर्यंत तू कुणाला बोलू नकोस, एवढंच."

"सकाळपर्यंत," अमोत म्हणाली.

निघताना त्यानं वाकून तिच्या हाताला कपाळ लावलं. "तू नसतीस तर मी जगलोच नसतो," तो म्हणाला. घरी जाताना वाटेत तिनं डाळिंबं घेतली. उद्या न्यायसभेतून सुटल्यावर शफातकाकांना द्यायला.

*

सकाळी ती गोदीत आली, तेव्हा रोमी जहाजाभोवती माणसं जमली होती. बोदश धावत पुढे आला.

"अमोतबाई, तुम्ही मोडायला सांगितलंत का हे?"

जहाजाच्या डाव्या अंगाला, कण्यापासून तिसरी फळी कुऱ्हाडीनं फोडलेली होती. सगळी नाही. हातभर तुकडा. नवव्या फासळीवरचा. आत उघडी पडलेली फासळीही दोन-तीन बोटं खोल छिलली होती आणि वरून डांबर फासलं होतं. जवळच एक जड नांगर पाडून ठेवला होता, जसा काही तो घसरून पडल्यामुळे फळी फुटली.

अमोत डाळिंबांची पिशवी धरून उभी राहिली. तिला राग आला नाही. राग यायला थोडा वेळ लागतो. आधी फक्त इतकंच कळलं, की चौरंगावर तिनं काढलेली आकृती त्यानं नीट बघितली होती. अंगसुद्धा चुकवलं नव्हतं.

"मत्तान न्यायसभेत गेलाय का?" तिनं विचारलं.

"गेलाय की, पहाटेच. बोलावणं होतं ना. साक्षीदार नाही का तो!"

"कसला साक्षीदार?"

बोदश तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हाला सांगितलं नाही त्यानं? शफातला त्या व्यापाऱ्याबरोबर पिताना पाहिलं ते मत्ताननंच. आम्हाला वाटलं, घरातलीच गोष्ट, तुम्हाला ठाऊक असणार."

तिनं डाळिंबांची पिशवी बोदशच्या हातात दिली. "न्यायसभेला निरोप पाठव," ती म्हणाली. "मापं तयार आहेत म्हणावं. पण ती इथे, जहाजापाशी येऊनच बघावी लागतील. आणि सगळ्या साक्षीदारांना घेऊन यावं."

तिघे पंच आले. पुढे एक बारीक, टक्कल पडलेला म्हातारा होता. त्याला उन्हाचा त्रास होत होता आणि ते तो लपवत नव्हता. मागे मत्तान. हात अंगरख्याच्या बाह्यांत. ताईकडे बघून त्यानं किंचित मान हलवली, जणू अजून काही ठरायचं बाकी आहे.

"फळी फुटलीय हे दाखवायला बोलावलंत?" म्हातारा पंच म्हणाला.

"फासळी दाखवायला," अमोत म्हणाली. तिनं कमरेची पटाशी काढली, गुडघ्यांवर बसली आणि डांबर खरवडायला लागली. कप्तान माणसं लाकडावर चालतात, लाकडात शिरत नाहीत. फळीतली खुंटी फोडली की संपलं, असं मत्तानला वाटलं. फासळीवर दिसली तीही त्यानं छाटली. पण खुंटी एक वीत आत असते. वरून कितीही छाटा, खाली तेवढीच गोल दिसत राहते.

डांबर निघालं. फासळीच्या तपकिरी लाकडात दोन फिकट चकत्या स्वच्छ उघड्या पडल्या. तिनं दोन्हींच्या मध्ये बोटं ठेवली. चार.

"खालची कामाची आहे," ती म्हणाली. "वरची चुकून पाडलेल्या भोकात ठोकलेली. रोमी सुतारांनी चूकसुद्धा उतरवली. ही साच्यात नाही, हवं तर साचे काढून बघा. ही आपल्या एका जहाजात होती. ते जहाज शफातनं विकलेलं नाही. ते शत्रूला उभं मिळालं."

"कुठलं जहाज?"

"माझ्या सांगण्यावर जाऊ नका. शफातकाकांकडे माणूस पाठवा. कुठल्या जहाजात कुठे चुकीचं भोक होतं, एवढंच विचारा. बाकी काही सांगू नका. तोवर मी इथून हलत नाही."

मत्तान पुढे आला. "ताईला बरं नाही," तो पंचांना म्हणाला, हसत, घरगुती आवाजात. "म्हाताऱ्यावर फार जीव आहे तिचा. दोन रात्री झोपलेली नाही."

"मग आपण सगळेच थोडं बसू या," पंच म्हणाला आणि लाकडाच्या ओंडक्यावर सावलीत बसला.

तुरुंग जवळच होता. पाठवलेला माणूस परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"आधी बोलेचना. मग म्हणाला, कण्यापासून तिसरी फळी, नववी फासळी, डावं अंग, चार बोटं वर. मेस्सानाला रुतलं ते जहाज."

बोदशनं हळूच मत्तानपासून एक पाऊल बाजूला घेतलं.

"आणि म्हणाला," माणसानं आठवून सांगितलं, "ती चूक त्याची स्वतःची होती. दारू प्यायला होता म्हणे त्या दिवशी. खुणा करणाऱ्या बाईचा त्यात काही दोष नाही, हे मुद्दाम सांग म्हणाला."

अमोतनं पटाशी खाली ठेवली. उद्या क्रूसावर चढणारा माणूस तिची पाच वर्षांपूर्वीची ओली दोरी अजून झाकत होता.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "चूक माझी. दोरी मी वाळवली नव्हती."

"ते आम्ही लिहून घेऊ," पंच म्हणाला. त्याचा सूर पहिल्यापेक्षा मऊ होता. "आता एकच. काल संध्याकाळपर्यंत ही फळी धड होती, पहारेकरी सांगतो. कुऱ्हाड बरोबर याच जागी पडली. ही जागा तुम्ही कुणाला सांगितली होती?"

अमोतनं मान वर केली. मत्तानचे हात अजून बाह्यांत होते. त्यानं कधी थंडीतही असे हात झाकले नव्हते. नखांत काय आहे, हे तिला बघायची गरज नव्हती; डांबर दोन दिवस निघत नाही.

"माझ्या भावाला," ती म्हणाली.

शिपाई पुढे झाले. मत्तान धडपडला नाही. तिच्याजवळून नेताना मात्र तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं, फसवलं गेलेल्या माणसाचं असतं तसं.

"ताई," तो म्हणाला. "तू शब्द दिला होतास."

"सकाळपर्यंतचा," अमोत म्हणाली. "सकाळ झालीय, मत्तान."

दुपारी शफात गोदीत परत आला. चार दिवसांत खूप वाळला होता. बोदशनं डाळिंब फोडून त्याच्या पुढे धरलं, पण त्यानं खाल्लं नाही. तो अमोतशेजारी ओंडक्यावर येऊन बसला. तिच्या मांडीवर दोरी होती आणि ती दोरीचा एकेक हात बोटांतून ओढून बघत होती, कुठे ओली नाही ना. ती पूर्ण वाळलेली होती. तरी ती पुन्हा पहिल्या टोकापासून बघायला लागली.

शफातनं दुसरं टोक उचलून आपल्या हातात धरलं.